कवेलू, कोसा आणि काँक्रीट

नागपूरहून रायपूरकडे निघालेला महामार्ग भंडारा, लाखनी, साकोली अशी गावे मागे टाकत गोंदिया जिल्ह्यातल्या सडक अर्जुनी तालुक्यात शिरतो आणि पुढे देवरीवरून छत्तीसगडात जातो. रस्त्याच्या आसपास धानाच्या बांध्या आहेत आणि त्यांच्या पलीकडे नवेगाव-नागझिऱ्याचे जंगल. मोरबीच्या टाइल्स, लोखंडी कपाटे, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि सनमायका लावलेले दिवाण याच रस्त्याने गावागावांत पोचले. पण त्यांच्या येण्याने जुने घर नाहीसे झाले नाही. ते मागे सरकले, एवढेच.

पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या कितीतरी घरांची आजची मांडणी अशी दिसते. रस्त्याकडे स्लॅबची नवी खोली, चकचकीत फरशी, भिंतीवर टीव्ही, गुलाबी किंवा पोपटी ऑइलपेंट. तिच्या मागे मातीच्या जाड भिंतींचे, कवेलूंचे म्हणजे मातीच्या कौलांचे जुने घर. तिथे चूल आहे, उतरंड आहे, बांबूच्या विणीवर शेणमातीचा लेप देऊन केलेली धानाची ढोली आहे. पाहुण्याला पुढे बसवतात. उन्हाळ्यात दुपारची झोप मात्र घरातले सगळे मागच्या अंधाऱ्या, गार खोलीत काढतात. एकाच कुटुंबाची ही दोन घरे पाठीला पाठ लावून उभी असतात आणि एकमेकांकडून काही घेत नाहीत.

नवे आणि जुने, गावचे आणि परगावचे, महागडे आणि फुकटात मिळालेले असे सगळे एका छताखाली नांदवणाऱ्या संमिश्र शैलीला आज जगभर मागणी आहे. मुंबई-पुण्याच्या सदनिकांत त्यासाठी बांबूचे दिवे, पितळी घंगाळी आणि जुने सागवानी दरवाजे मुद्दाम शोधून आणले जातात. सडक अर्जुनीच्या परिसरात यातले बहुतेक साहित्य आणि ते घडवणारे हात अजून हाताशी आहेत. म्हणूनच ही शैली इथल्या घरांच्या नजरेतून समजून घेण्यासारखी आहे.

पोलादी सांगाडा आणि तांब्याचा लोटा

संमिश्र सजावटीचे विसाव्या शतकातले एक गाजलेले उदाहरण अमेरिकेत, लॉस एंजेलिसजवळ आहे. चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९४९ मध्ये स्वतःसाठी घर बांधले. त्याचा सांगाडा कारखान्यात तयार मिळणाऱ्या पोलादी भागांचा होता. अशा घरात काच आणि धातू यांखेरीज काही दिसू नये, अशी त्या काळातल्या आधुनिक वास्तुकलेची शिस्त होती. ईम्स दांपत्याने आत लोककलेच्या वस्तू, खेळणी, गालिचे, टोपल्या आणि झाडे भरून ठेवली. सांगाडा साधा आणि नियमित असल्यामुळे आतली विविधता अंगावर येत नाही. एक गोष्ट स्थिर ठेवली की बाकीच्यांना मोकळीक मिळते, हा धडा आजचे अंतर्रचनाकार याच घराकडे बोट दाखवून देतात.

हेच दांपत्य पुढे भारत सरकारच्या निमंत्रणावरून देशभर हिंडले आणि १९५८ मध्ये त्यांनी भारतातल्या आरेखनाविषयी अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय आरेखन संस्था १९६१ मध्ये उभी राहिली, ती या अहवालाच्या पायावर. त्यात सर्वांत मनापासून कौतुक होते ते साध्या लोट्याचे. किती पाणी मावावे, हातात कसा बसावा, डोक्यावर किंवा कमरेवर तोल कसा राहावा, ओतताना धार कशी पडावी, अशा प्रश्नांची उत्तरे पिढ्यान्‌पिढ्या शोधत तो आकार घडला, असे त्यांचे म्हणणे होते.

भंडारा जिल्ह्याच्या वाचकाला हे सांगावे लागत नाही. भंडारा हे पितळी भांड्यांचे जुने गाव. तिथला पाणी भरायचा गुंड, तिथली परात आणि हंडा आजूबाजूच्या जिल्ह्यांत लेकींच्या लग्नात दिला जात असे. नळ आला, स्टील आले आणि ही भांडी माळ्यावर गेली किंवा मोडीत निघाली. एखादा गुंड खाली उतरवून, चिंचेने घासून सपरीच्या (ओसरीच्या) कोपऱ्यात पाण्यासाठी ठेवला, तर ती सजावट होते आणि वापरही होतो. काम करणारी वस्तू रोज हाताळली जाते, म्हणून तिची झळाळी टिकते. नुसती शोभेसाठी ठेवलेली वस्तू महिन्याभरात धुळीने झाकून जाते.

संमिश्र शैलीचा सरकारी आणि भव्य नमुना पाहायचा असेल तर २८ मे २०२३ रोजी उद्घाटन झालेले दिल्लीतले नवे संसद भवन आहे. त्यासाठी सागवान नागपूरहून गेले, गालिचे उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरचे आणि बांबूची जमीन त्रिपुराची. विदर्भातले लाकूड देशाच्या सर्वोच्च सभागृहात शोभते, तर विदर्भातल्या घराने त्याच्या जुन्या चौकटीवर चॉकलेटी ऑइलपेंटचा जाड थर का चढवावा?

भिंत आणि छप्पर

घराची सजावट भिंत आणि छप्पर यांपासून सुरू होते, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तिथे आधी आत बसणे शक्य व्हावे लागते. जाड मातीची भिंत दिवसाचा ताप सावकाश पिते. भर दुपारची उष्णता आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते, आणि तोवर बाहेर गारवा सुरू झालेला असतो. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. सिमेंटचा किंवा लोखंडी पत्रा क्षणात तापतो आणि ती सगळी झळ खाली सोडतो. पातळ स्लॅब दिवसभर तापून रात्री झोपायच्या वेळी घर तापवत राहतो.

ही भिंत टिकवायची तर तिच्यावर सिमेंटचे प्लॅस्टर चढवण्याचा मोह टाळावा लागतो. माती ओलावा घेते आणि सोडते. सिमेंटचा कडक थर तो ओलावा आत कोंडतो आणि काही पावसाळ्यांनंतर पापुद्र्यासारखा सुटतो. छुई मातीचा पांढरा हात, चुन्यात थोडी नीळ घालून येणारा निळसर रंग आणि खालचा गेरूचा पट्टा ही इथली जुनी रंगयोजना भिंतीला श्वास घेऊ देते. पांढरा रंग ऊन परतवतो. गेरूचा पट्टा पावसाच्या शिंतोड्यांचे डाग लपवतो. दिवाळी आली की घरोघरी हे काम निघते, कारण दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, दंडार हे लोकनाट्य होते, नाटके लागतात आणि घर पाहुण्यांनी भरते.

मातीत कलाकुसर किती शोभते हे वर्ध्याजवळच्या सेवाग्राममध्ये पाहावे. गांधीजी १९३६ मध्ये तिथे राहायला गेले. बापू कुटीच्या मातीच्या भिंतींवर त्यांच्या शिष्या मीराबेन यांनी ताडाची झाडे आणि चरखा उठावात काढला. वेगळा रंग नाही, चौकट नाही. भिंत ज्या मातीची, चित्रही त्याच मातीचे. सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन पडले की ते अधिक उठून दिसते.

नवी खोली बांधणाऱ्याला लॉरी बेकर यांच्याकडून घेण्यासारखे बरेच आहे. १९१७ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या वास्तुकाराने आयुष्याचा मोठा काळ भारतात, विशेषतः केरळात, स्वस्त आणि सुंदर घरे बांधण्यात घालवला. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी लोकप्रिय केलेल्या फिलर स्लॅबचे तत्त्व सोपे आहे. स्लॅबच्या खालच्या भागातल्या काँक्रीटवर ताण येतो, आणि तो ताण खरे म्हणजे सळया पेलतात. मग सळयांच्या मधल्या चौकोनांत काँक्रीटऐवजी कवेलू बसवले तर सिमेंट वाचते आणि वजनही घटते. दोन कवेलू एकमेकांवर ठेवून मध्ये हवा कोंडली तर उष्णताही कमी उतरते. खालून पाहिले तर छतावर लाल कवेलूंची नक्षी तयार असते, तिला प्लॅस्टर लागत नाही की फॉल्स सीलिंग. सळयांचे गणित मात्र अभियंत्याकडूनच करून घ्यावे लागते.

भिंतीसाठी त्यांनी विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या रचायची पद्धत वापरली. मध्ये पोकळी राहते, सुमारे २५ टक्के विटा वाचतात आणि पोकळीतली हवा ऊन अडवते. जिथे खिडकीचा खर्च परवडत नाही तिथे विटांची जाळी येते. तिच्यातून वारा येतो आणि जमिनीवर उन्हाचे ठिपके पडतात.

बांबू, कोसा आणि भिंतीवरचे रान

मानवेल आणि कटांग हे या भागातले ओळखीचे बांबू. मानवेल जवळजवळ भरीव, म्हणून खुर्ची, शिडी, वासा यांना चांगला. कटांग जाड आणि पोकळ. बुरड कारागीर त्याच्या कांबट्या काढून सूप, टोपली, तट्ट्या विणतात. शहरातल्या दुकानात दिव्याची शेड म्हणून टांगलेली वस्तू अनेकदा उलटी केलेली टोपलीच असते. तीच विण सपरीतल्या दिव्यासाठी, दोन खोल्यांमधल्या आडोशासाठी किंवा कपाटाच्या दारासाठी बुरडाकडून मापाने करून घेता येते. कपाटाचे दार तट्ट्याचे असले की पावसाळ्यात आतल्या कपड्यांना कुबट वास येत नाही.

बांबूवरचा मोठा आक्षेप म्हणजे कीड. तिचे कारण बांबूतल्या पिष्टात आहे. पावसाळ्यात नवे कोंब वाढतात तेव्हा बांबूत साखर आणि पिष्ट भरपूर असते, आणि भुंगेरे त्यावरच जगतात. पावसाळा संपल्यानंतर, थंडीत, तीन वर्षांहून जुना बांबू तोडला, काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवला किंवा बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या द्रावणात मुरवला, तर तो वर्षानुवर्षे टिकतो. मेळघाटातल्या लवादा येथे सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी संपूर्ण बांबू केंद्र उभे करून आदिवासी तरुणांना हे शास्त्र आणि कौशल्य दिले. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे.

बांबू घरात आणण्याचा मार्गही आता अधिक मोकळा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळवले आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू विकला. २०१७ मध्ये वन कायद्यात दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला, त्यामुळे बांधावरचा बांबू तोडायला आणि न्यायला परवान्याची अट राहिली नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या व्याघ्र प्रकल्पातून मात्र काडीही आणू नये. ग्रामसभेकडून, वन आगारातून किंवा शेतकऱ्याच्या बांधावरून बांबू घेतला तर घर सजते आणि पैसा परिसरातच फिरतो.

कापडासाठीही दूर जायला नको. ऐन आणि अर्जुन या झाडांवर टसरचे किडे पोसले जातात; त्यांच्या कोशांपासून निघणारे सूत म्हणजे कोसा. ढिवर कुटुंबे हे कोश पिकवतात आणि भंडारा जिल्ह्यात आंधळगावसारख्या गावांत कोसा विणला जातो. विदर्भाची करवतकाठी साडी, तिच्या करवतीच्या दात्यांसारख्या काठासह, भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. जुन्या, विरलेल्या करवतकाठीचा काठ कापून साध्या सुती पडद्याला लावला, किंवा कोश्याच्या उरलेल्या कापडाच्या उशा केल्या, तर खोलीला सोनेरी-तपकिरी रंग मिळतो. हा कोश्याचा मूळचा रंग मातीच्या भिंतीशेजारी फार खुलतो. महाग कापड थोडे वापरायचे आणि साधे भरपूर, हे गणित संमिश्र शैलीत नेहमी उपयोगी पडते.

भिंतीवरच्या चित्रांचा विचार करताना गोंदिया, बालाघाट आणि मंडला यांची सलगता लक्षात घ्यावी. मंडला-डिंडोरीच्या गोंड-परधान घरांत सणाला, लग्नाला जमिनीवर आणि भिंतीवर डिगना ही नक्षी काढत. पाटनगडच्या जनगढसिंह श्याम या तरुणाची चित्रे चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्या चमूने पाहिली आणि १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो भोपाळच्या भारत भवनात आला. मातीच्या भिंतीवरचे ठिपके आणि रेषा कागदावर, कॅनव्हासवर उतरल्या. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या मध्य प्रदेश विधान भवनाच्या भिंतींवरही जनगढ यांनी चित्रे काढली. काँक्रीटची आधुनिक इमारत आणि तिच्यावरची गोंड चित्रे यांचा तो मेळ आजही पाहण्यासारखा आहे. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा अकाली मृत्यू झाला, पण त्यांनी शिकवलेल्या भाऊबंदांची पिढी उभी राहिली होती. त्यांतले भज्जू श्याम यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली.

गोंड चित्रातले हरीण, मोहाचे झाड, मोर हे त्या समाजाच्या कथांतून येतात. इंटरनेटवरून उतरवलेली छापील प्रत स्वस्त पडते, पण तिच्यात चित्रकाराचे नाव नसते आणि त्याच्या हाती पैसाही जात नाही. एक छोटे मूळ चित्र, नावासह, मोकळ्या पांढऱ्या भिंतीवर एकटे लावले तर खोली भरून जाते.

लहान घर, नेटकी निवड

प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २७० चौरस फूट आहे. योजनेच्या नियमांत मदत सपाट प्रदेशात १ लाख २० हजार आणि डोंगराळ, दुर्गम भागांत १ लाख ३० हजार रुपये ठरवली गेली. एवढ्या जागेत पलंग, सोफा आणि कपाट हा संच ठेवला की माणसांना वावरायला जागा उरत नाही.

इथे जुन्या घराची हुशारी कामी येते. नऊ इंची विटांच्या भिंतीत साडेचार इंच खोल देवळी सोडली की डबे, पुस्तके, औषधे, देव यांची सोय होते, शिवाय कपाटाचा खर्च वाचतो. दरवाजाच्या वरच्या उंचीवर चारही भिंतींना फळी फिरवली की बियाणे आणि पांघरुणे तिथे जातात. सपरीला भिंतीलगत ओटा बांधला की चार खुर्च्या लागत नाहीत. बाज दिवसा उभी करून ठेवता येते. ज्यांच्या घरी बंगई, म्हणजे झोपाळा, आहे त्यांनी ती मोडू नये. बसायला, बाळाला झोपवायला, संध्याकाळी गप्पा मारायला ती एकटी पुरते.

घराचा आराखडा राहणाऱ्याला विचारून ठरवला तर काय होते, हे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाखवले. आदिवासींना मोठ्या, अनोळखी इमारतींची भीती वाटते हे त्यांच्याशी बोलून समजले. मग शोधग्रामचा माँ दंतेश्वरी दवाखाना एखाद्या आदिवासी पाड्यासारखा, झोपड्यांच्या रूपात उभारला गेला. रुग्णासोबत आलेल्या नातेवाइकांना राहायला जागा झाली. औषधोपचार आधुनिक आणि घर ओळखीचे, असा तो मेळ आहे.

जुन्याचे गोडवे गाताना एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शेणाचे सारवण, छुईचा हात, पावसाळ्याआधी कवेलू फेरणे यांतली बरीच मेहनत बाईच्या वाट्याला येते. माकडांनी कवेलू फोडले की छत गळते. वाळवी चौकट खाते. ज्या कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या हे सोसले, त्याला पक्क्या घराची आस असणे पूर्णपणे योग्य आहे. म्हणून निवड नेटकी हवी. स्वयंपाकघर आणि न्हाणीला फरशी घालावी, कारण तिथे ओल असते आणि दिवसातून अनेकदा पुसावे लागते. बसायच्या खोलीला लाल कोबा चालतो. तो पायाला गार लागतो आणि वापराने गुळगुळीत होतो. सारवण हवेच असेल तर अंगणात ठेवावे.

फरशीची निवडही डोळसपणे करता येते. मुंबईत फिरोजशा आणि रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये स्वदेशीच्या भावनेने भारत टाइल्स सुरू केली आणि सिमेंटच्या नक्षीदार फरश्या बनवल्या. त्या जुन्या नक्ष्या आता पुन्हा मागवल्या जातात. सगळे घर अशा फरशीने भरण्याची गरज नाही. उंबऱ्यालगत किंवा देवघरासमोर आठ-दहा फरश्यांचा चौक बसवला आणि बाकी साधा कोबा ठेवला, तरी खोलीचा मध्यबिंदू ठरतो.

एवढे सगळे एकत्र आले की गोंधळ होईल, अशी शंका रास्त आहे. त्यावर अनुभवी अंतर्रचनाकार तीन गोष्टी पाळतात. सगळ्या खोल्यांत एक रंग धागा म्हणून ठेवतात. इथे गेरू त्यासाठी योग्य. एक साहित्य पुन्हा पुन्हा आणतात, जसे दिव्याला, दाराला आणि आडोशाला बांबू. आणि प्रत्येक भिंतीवर एकच वस्तू बोलकी ठेवतात. टीव्ही असलेल्या भिंतीवर चित्र, घड्याळ आणि कॅलेंडर लावू नयेत. ती इतर भिंतींना वाटून द्यावीत.

खर्चाची घाई नसलेल्या कुटुंबाला हे काम वर्षभरात हप्त्याहप्त्याने करता येते. पाऊस थांबला की, दिवाळी आणि मंडईच्या आधी, भिंतींना छुई आणि गेरू. धान निघून हातात पैसा आला की थंडीत बुरडाकडे दिव्याच्या आणि दाराच्या तट्ट्यांची मागणी, कारण बांबू तोडायचा काळ तोच. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुताराकडून जुन्या चौकटीवरचा ऑइलपेंट खरवडून तिला जवसाचे तेल. एप्रिलमध्ये स्लॅबच्या गच्चीला चुन्याचा पांढरा हात. मे अखेर छप्पर फेरताना जे धड पण जास्तीचे कवेलू निघतील, ते फेकून न देता नव्या खोलीच्या फिलर स्लॅबसाठी मागच्या भिंतीलगत मोजून रचून ठेवावेत.